यंत्र घेण्याआधी टाकीत डोकावा

पावसाळा तोंडावर आला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. औषधाची चिठ्ठी हातात घेऊन निघता निघता माणूस थबकतो आणि म्हणतो, "डॉक्टर, पाण्याचे मशीन घ्यायचे म्हणतोय, कोणते घेऊ?" हा प्रश्न योग्यच आहे. फक्त त्याच्या आधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो सहसा कोणी विचारत नाही. आपल्या पाण्यात नेमके काय आहे? ज्या पाण्यात जंतू आहेत त्याचा इलाज वेगळा आणि ज्यात क्षार आहेत त्याचा वेगळा. दम्याला मधुमेहाची गोळी देत नाहीत, तसेच हे आहे.

मात्र विक्रेत्याकडे सगळ्यांना एकच औषध असते. मीरा रोड, भाईंदर, काशीमिरा, कोणत्याही वसाहतीत हा प्रयोग वाचकांनी पाहिला असेल. रविवारी सकाळी टाय लावलेला तरुण येतो. एका पेल्यात आपल्या नळाचे पाणी घेतो, दुसऱ्यात त्याच्या आर.ओ. यंत्राचे. दोन्हींत धातूच्या कांड्या असलेले छोटे उपकरण बुडवतो आणि बटण दाबतो. अर्ध्या मिनिटात नळाचे पाणी पिवळे होते, मग तपकिरी, मग काळपट, आणि तळाशी गाळ बसतो. यंत्राचे पाणी जसेच्या तसे नितळ. "वहिनी, हे तुम्ही मुलांना पाजता!" एवढे वाक्य पुरते. हप्ते ठरतात, धनादेश लिहिला जातो.

यात पाण्याचा दोष काहीच नाही. पाण्यातून वीज वाहून नेण्याचे काम त्यात विरघळलेले क्षार करतात. वीज वाहू लागली की कांडीचे लोखंड विरघळते आणि त्याचा गंज पाण्यात दिसतो. आर.ओ.च्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने वीज वाहत नाही, म्हणून गंजही सुटत नाही. तेव्हा तो गाळ पाण्यातला नसून कांडीतला आहे. पुढच्या वेळी त्या तरुणाला एवढेच सांगा : "तुमच्या शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि आता प्रयोग करून दाखवा." ते पाणी नळाच्या पाण्यापेक्षाही काळे होईल. चिमूटभर मिठाने पाणी विषारी झाले, असे तोही म्हणणार नाही. बिचारा शिकवले तेवढे बोलतो, त्याच्यावर रागावू नये.

त्याच्या पिशवीतले दुसरे हत्यार म्हणजे टी.डी.एस. मीटर. हे उपकरण खोटे नाही, पण त्याला एकच गोष्ट कळते : पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे एकूण अंदाजे प्रमाण. जंतू त्याला दिसत नाहीत. गटाराचे पाणी मिसळलेल्या नळाला हे मीटर २०० आकडा दाखवील आणि विहिरीच्या निर्धोक पाण्याला ६००. कावीळ, विषमज्वर, गॅस्ट्रो आणि पोरांची हगवण या आपल्या भागातील पाण्याच्या आजारांचा त्या आकड्याशी काही संबंध नाही. भारतीय मानक आय.एस. १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार ग्राह्य आहेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत असे म्हटले आहे. त्याच मानकात ई-कोलाय जंतूंना मात्र काही सूट नाही : १०० मिलिलिटर पाण्यात एकही आढळता कामा नये. मानकाला कशाची भीती जास्त वाटते, हे यावरून कळावे.

आता आपल्या शहराच्या पाण्याकडे येऊ. १९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती आठ लाख नऊ हजारांवर गेली. इतक्या लोकांना पाणी पुरवणारी नदी शहराच्या हद्दीत नाही. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये मिठागरे. म्हणून शहाड-टेमघर म्हणजे स्टेम आणि एम.आय.डी.सी. यांच्याकडून उल्हास नदीचे पाणी शुद्ध होऊन नळाने येते. पालघर जिल्ह्यातील सूर्या धरणाच्या योजनेत आपल्या शहराच्या वाट्याला रोज २१ कोटी ८० लाख लिटर पाणी ठरले आहे. उल्हास काय आणि सूर्या काय, दोन्ही सह्याद्रीच्या पावसावर भरणाऱ्या नद्या. काळ्या कातळावरून वाहणाऱ्या या पाण्यात क्षार कमी असतात, ५०० च्या मर्यादेच्या बरेच खाली. खात्री करायची तर विक्रेत्याचेच मीटर मागून घ्या आणि बोअरचे किंवा टँकरचे पाणी मिसळलेले नसताना स्वयंपाकघरातला नळ तपासा.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ज्या घरात महापालिकेच्या नळाचेच पाणी येते तिथे आर.ओ. बसवण्याची गरज नाही आणि आपल्यासारख्या तहानलेल्या शहरात तर ते बसवूच नये.

कारण आर.ओ. यंत्र पाणी गाळते ते बरेचसे फेकून देऊन. अतिसूक्ष्म छिद्रांच्या मेम्ब्रेनमधून दाबाने पाणी ढकलायचे आणि अडलेले क्षार उरलेल्या पाण्याबरोबर वाहून न्यायचे, ही त्याची रीत. साध्या घरगुती यंत्रात एक लिटर पिण्याचे पाणी मिळवताना साधारण तीन लिटर मोरीत जाते. नव्या काही यंत्रांत हे प्रमाण सुधारले आहे, पण घरोघरी बसलेली यंत्रे बहुतेक जुन्याच चालीची आहेत. आता हिशेब करा. चाळीस बिऱ्हाडांची इमारत आहे. प्रत्येक घरी पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला पंधरा लिटर पाणी यंत्रातून काढले, तर ४५ लिटर वाया. चाळीस घरांचे मिळून १,८०० लिटर, आठवड्याला १२,६०० लिटर. म्हणजे दहा हजार लिटरच्या एका टँकरहून जास्त पाणी दर आठवड्याला नळीतून गटारात जाते. आणि हीच सोसायटी पाणी पुरत नाही म्हणून टँकर मागवते व त्याचे पैसे देखभाल खर्चात लावते! शहरातील एक लाख घरांत असे यंत्र आहे असे धरले, तर रोज ४५ लाख लिटर पाणी जाईल.

त्यात गंमत अशी की हे फेकलेले पाणी फेकण्याजोगे नसतेच. नळाच्या पाण्यात १५० मिलिग्रॅम क्षार असतील, तर यंत्रातून बाहेर पडणाऱ्या टाकाऊ पाण्यात ते सुमारे १९५ होतात. क्षारांच्या बाबतीत हे पाणीसुद्धा पिण्याच्या मानकात बसते. जे पाणी धुवायची गरज नव्हती ते धुण्यासाठी आपण तिप्पट चांगले पाणी सांडतो. राष्ट्रीय हरित लवादानेही मे २०१९ मध्ये हेच बोट ठेवले होते. जिथे क्षार ५०० च्या खाली आहेत तिथे आर.ओ.ला मनाई करावी, असे निर्देश लवादाने केंद्र सरकारला दिले होते. ती मनाई प्रत्यक्षात उतरली नाही. विक्रेत्याकडून मात्र ही हकिगत आपल्या कानावर येणार नाही.

आर.ओ.च्या पाण्याने हाडे ठिसूळ होतात, अशी भीती काही जण घालतात. चौरस आहार असलेल्या माणसाला ती नको. कॅल्शियम आपल्याला मुख्यतः दूध, नाचणी, पालेभाज्या आणि सुकटीसारख्या मासळीतून मिळते. तरीही क्षार पूर्ण काढलेले पाणी वर्षानुवर्षे पिणे इष्ट नाही, अशी चर्चा जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या प्रकाशनात झाली आहे. उलट "नळाच्या पाण्याने मुतखडा होतो" हा विक्रीचा मुद्दाही तितकाच पोकळ. खड्याचा त्रास असणाऱ्याने आधी पाणी भरपूर प्यायला लागावे.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो टाळू नये. उल्हास नदीत बदलापूर, उल्हासनगरकडचे सांडपाणी जाते. नदीवर जलपर्णी पसरते ती उगाच नाही. मग कारखान्यांची रसायने, शिसे, कीटकनाशके यांचे काय? आर.ओ. ही द्रव्ये बऱ्याच प्रमाणात अडवते, हे कबूल केले पाहिजे. परंतु ती आपल्या नळाला आहेत की नाहीत हे टी.डी.एस. मीटरला कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतच तपासणी हवी. सोसायटीने वर्गणी काढून एकदा संपूर्ण रासायनिक तपासणी करून घ्यावी. अहवालात जड धातू किंवा नायट्रेट निघाले, तर आर.ओ. घ्या आणि महापालिकेलाही जाब विचारा. नुसत्या संशयावर चाळीस घरांत चाळीस यंत्रे बसवून नदी स्वच्छ होणार नाही. उलट नदीतून आणखी पाणी उपसावे लागेल.

मग आपल्याकडे लोक आजारी पडतात ते कशाने? शुद्धीकरण केंद्रातून निघताना पाणी चांगले असते. बिघडते ते वाटेत आणि आपल्या इमारतीत. आपला पुरवठा अखंड नाही, ठरलेल्या वेळी येतो. पाणी बंद झाले की जलवाहिनीतला दाब नाहीसा होतो आणि फुटक्या सांध्यातून बाजूच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. पुन्हा पुरवठा सुरू झाला की ते पहिल्या धारेबरोबर जमिनीखालच्या टाकीत उतरते. त्या टाकीचे झाकण किती इमारतींत नीट बसते? किती ठिकाणी ते अंगणाच्या पातळीलाच आहे, शेजारून ड्रेनेजची वाहिनी जाते आणि मोठा पाऊस झाला की अंगणातले तुंबलेले पाणी थेट आत जाते? गच्चीवरच्या टाकीची गोष्ट वेगळी नाही. झाकण वाऱ्याने उडालेले, आत शेवाळ, कधी मेलेले कबूतर. याच टाकीखाली आपण हजारो रुपयांचे यंत्र भिंतीला टांगतो आणि दात घासताना, भाजी धुताना, तान्ह्या बाळाची वाटी-चमचा विसळताना तेच टाकीचे पाणी वापरतो.

पुण्याची घटना अजून ताजी आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलियन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले. या आजारात आधी जुलाब होतात आणि मग हातापायांतली शक्ती जाते. काही रुग्णांना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. पाण्याच्या काही नमुन्यांत क्लोरिनचा पत्ता नव्हता. आणि विशेष म्हणजे जार भरून विकणाऱ्या काही खासगी आर.ओ. केंद्रांचे पाणीही दूषित निघाले व महापालिकेला ती बंद करावी लागली. क्षार काढलेले पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी, हा समज किती महागात पडतो ते यातून दिसले.

म्हणून पहिला खर्च टाकीवर करा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, दोन्ही टाक्या उपसून, घासून स्वच्छ कराव्यात. जमिनीखालच्या टाकीचे तोंड अंगणापासून हातभर उंच करून घ्यावे, त्याला कुलूप लागेल असे झाकण हवे. साथीच्या दिवसांत दर हजार लिटर पाण्याला साधारण पाच ग्रॅम चांगली टी.सी.एल. पावडर घ्या, बादलीत कालवा, निवळू द्या आणि वरचे निवळ टाकीत टाका. खालचा चुना टाकू नका. तासाभराने क्लोरिन तपासा. क्लोरोस्कोपची तपासणी ग्रामपंचायतीचा शिपाईही करतो. नळाच्या पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग यावा आणि तो पेटीतल्या ०.२ च्या खुणेइतका तरी असावा. क्लोरिनचा थोडा वास येतो म्हणून कुरकुर करू नका. तो वास म्हणजे पहारेकरी जागा असल्याची खूण आहे. जंतू आहेत की नाहीत हे पाहायला एच.टू.एस. बाटली मिळते. तीत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवावे, काळे पडले तर पाणी दूषित. या सगळ्याचा खर्च चाळीस घरांत वाटला तर एका यंत्राच्या वर्षाच्या सुट्या भागांइतकाही येत नाही.

एवढे केल्यावरही घरात काही हवे असेल तर ते जंतूंसाठी असावे. उकळणे सर्वांत खात्रीचे. उकळी फुटल्यावर एक मिनिट खळखळू द्यायचे आणि झाकून निववायचे. वीस-वीस मिनिटे उकळण्याची जुनी सवय आता सोडावी, त्यात इंधन जाते. उकळणेही फुकटचे नाही. रोज दहा लिटर पाणी उकळायला सुमारे ११० ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे महिन्याला जवळजवळ पाव सिलिंडर. म्हणून बारमाही उकळावे असे मी म्हणत नाही. पावसाळ्यात, काविळीच्या साथीत आणि घरात तान्हे मूल किंवा गर्भवती असेल तर मात्र गॅसकडे पाहू नये. हिपॅटायटिस ई प्रकारची कावीळ शेवटच्या महिन्यांतील गर्भवतीला जिवावर बेतते.

एरवी दोन साधने पुरतात. अतिनील म्हणजे यू.व्ही. दिव्याचे यंत्र एक थेंबही वाया न घालवता जंतू आणि विषाणू मारते. दहा लिटरला त्याचा लहानसा दिवा दहा मिनिटे जळतो. विजेचा खर्च नगण्य. अट एवढीच की पाणी नितळ हवे, गढूळ पाण्यात किरण पोचत नाहीत आणि जंतू गाळाच्या कणामागे लपतात. दुसरे साधन यू.एफ. गाळणीचे. तिला वीज लागत नाही, नळाच्या किंवा वरून पडणाऱ्या पाण्याच्या दाबावर ती चालते, जंतू अडवते. विषाणूंबाबत मात्र सगळ्याच गाळण्यांवर सारखा भरवसा ठेवता येत नाही, म्हणून काविळीच्या साथीत तिच्या जोडीला उकळणे हवे. ज्यांना हेही परवडत नाही त्यांच्यासाठी भाताच्या तुसाच्या राखेची गाळणी आपल्याच पुण्यात, टाटांच्या संशोधन केंद्रात तयार झाली. 'सुजल' नावाने ती २००४ च्या त्सुनामीनंतर आपद्ग्रस्तांना दिली गेली आणि पुढे तिच्याच कल्पनेवरून २००९ मध्ये 'टाटा स्वच्छ' बाजारात आली. ज्या तुसाला कोणी विचारत नाही त्यातून हे निघाले. उत्तनच्या कोळीवाड्यातल्या गृहिणी पाण्यात तुरटी फिरवून चौपदरी फडक्याने गाळतात, ती रीतही चांगली आहे, पण ती फक्त गाळ काढते. त्यानंतर क्लोरिनचे थेंब किंवा उकळी हवीच.

आर.ओ. कोणी घ्यावा? ज्यांच्याकडे बोअरचे किंवा विहिरीचे खारट पाणी येते, किंवा वर्षातले बरेच महिने टँकरचे पाणी प्यावे लागते आणि मीटर ५०० च्या वर जाते, त्यांनी. खाडीकाठच्या आपल्या गावात अशी घरे आहेत. त्यांनी टाकाऊ पाण्याची नळी मोरीत न सोडता पिंपात सोडावी. लादी पुसायला, शौचालयाला ते उत्तम. कुंड्यांना मात्र खारट पाणी घालू नये, तुळस मरेल.

कोणतेही यंत्र घेतले तरी काही गोष्टी पाळा. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाऊन आलात की यंत्राच्या टाकीतले साठलेले पाणी पूर्ण सोडून द्या. आतल्या कोळशाच्या कांडीने क्लोरिन काढून टाकलेला असतो, त्यामुळे बंद टाकीत जंतू खुशाल वाढतात. कांडी मुदतीत बदला. घेतानाच विचारा की ती धुऊन पुन्हा वापरता येते का, सुटे भाग इथल्या बाजारात मिळतात का. जुन्या कांड्या, मेम्ब्रेन आणि प्लास्टिकची नळकांडी दरवर्षी कचऱ्यात जातात आणि शहराचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर जातो. तिथल्या रहिवाशांच्या विहिरींची काळजी आपणच करायची. यू.व्ही. दिव्यात पारा असतो, तो फोडू नका, घंटागाडीत टाकू नका. दुरुस्तीला आलेल्या माणसाकडे किंवा ई-कचरा केंद्रावर द्या.

सोसायटीच्या पुढच्या सभेत रंगकाम आणि पार्किंगच्या आधी टाकीचा विषय घ्यायला सेक्रेटरींना सांगा. टाकी साफ केल्याची तारीख, क्लोरिनचा आकडा आणि पुढच्या सफाईची तारीख जिन्याजवळच्या फलकावर सगळ्यांना दिसेल अशी खडूने लिहा. आणि सफाईच्या दिवशी सभासदांपैकी दोघांनी स्वतः टाकीच्या तोंडाशी उभे राहून आत काय निघते ते पाहावे.